‘क्रेडिट’ म्हणजे नेमके कोणते? आधी विचारा, मग सही करा

भिवंडीतील एक यंत्रमागधारक आमच्या परिचयाचे आहेत. आठ माग आहेत. सूत व्यापाऱ्याचे, विणकाम यांचे. मिळते ती मजुरी. एका शनिवारी त्या व्यापाऱ्याच्या मुनीमाचा फोन आला, “चाचा, तुमचे क्रेडिट करून टाकले आहे.” चाचांनी शुक्र अदा केला आणि त्याच दिवशी मागाचे सुटे भाग देणाऱ्या दुकानदाराला चेक फाडून दिला. चौथ्या दिवशी चेक न वटता परत आला. खात्यात पैसे आलेच नव्हते.

चाचा रागाने व्यापाऱ्याच्या पेढीवर गेले. मुनीमाने वही उघडून दाखवली. मजुरीची रक्कम चाचांच्या खाती जमा धरलेली होती आणि ती मागे घेतलेल्या उचलीपोटी वळती करून टाकली होती. मुनीम खोटे बोलला नव्हता. त्याच्या लेखी ‘क्रेडिट’ म्हणजे वहीतली जमा. चाचांच्या लेखी ‘क्रेडिट’ म्हणजे बँकेत आलेले पैसे. दोघे एकच शब्द बोलत होते आणि दोघांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. भुर्दंड मात्र एकालाच पडला. बँकेने चेक परतीचा आकार कापला तो वेगळा आणि बाजारात चाचांच्या शब्दाला बट्टा लागला तो वेगळा. सुट्या भागांच्या दुकानदाराने मनावर घेतले असते तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली नोटीसही आली असती.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, आपल्या बाजारात रोज शंभर वेळा उच्चारला जाणारा हा इंग्रजी शब्द एक नव्हे, निदान सात-आठ अर्थांनी वापरला जातो. बँकवाला एका अर्थाने बोलतो, सूतवाला दुसऱ्या, कर सल्लागार तिसऱ्या आणि परदेशातील गिऱ्हाईक चौथ्या. ज्याला हे सगळे अर्थ ठाऊक आहेत त्याचे काही बिघडत नाही. ज्याला एकच ठाऊक आहे तो फसतो, आणि पुष्कळदा त्याला कोणी फसवलेलेही नसते. म्हणून आज या एका शब्दाची झडती घ्यावी असे वाटले.

मूळ अर्थ : भरवसा

लॅटिन भाषेत ‘क्रेडेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे. त्यावरून ‘क्रेडिटम’, म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू किंवा रक्कम. इटली आणि फ्रान्समधील व्यापाऱ्यांच्या तोंडून हा शब्द इंग्रजीत गेला. भाषाशास्त्राचे जाणकार सांगतात की लॅटिनचा हा शब्द आणि संस्कृतातील ‘श्रद्धा’ हे एकाच जुन्या मुळाचे आहेत. अरबीत पाहिले तरी तोच प्रकार. आखाती देशांतील बँका ज्याला ‘इतिमाद’ म्हणतात ते म्हणजे आपले ‘लेटर ऑफ क्रेडिट’. आणि इतिमाद म्हणजे भरवसा. आपल्या मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘पत’. पत असलेल्या माणसाला पैसे न मोजता माल मिळतो, हीच क्रेडिटची जन्मकथा.

तात्पर्य, आधी विश्वास आला. विश्वासावर माल दिला म्हणून उधारी आली. उधारी लक्षात राहावी म्हणून वही आली. वहीत दोन बाजू आल्या, तिथे एका बाजूला ‘जमा’ म्हणून क्रेडिट लिहू लागले. १४९४ साली व्हेनिस शहरात लुका पाचोली या पाद्र्याने गणितावरचा ग्रंथ छापला, त्यात ही दोन बाजूंची हिशेबपद्धत सविस्तर मांडलेली आहे. व्हेनिसचे व्यापारी ती त्याच्याही आधीपासून वापरत होते. पुढे बँका आल्या, कर आले, आणि प्रत्येकाने हाच शब्द उचलून आपापल्या कामाला जुंपला. मराठीत आपण प्रत्येक कामाला वेगळा शब्द ठेवला आहे : पत, उधार, उसने, जमा, वजावट, श्रेय. अडचण तिथेच आहे. हे सहा शब्द बाजूला ठेवून आपण सगळीकडे ‘क्रेडिट’ म्हणू लागलो, आणि हिशेबातील नेमकेपणा घालवून बसलो.

पहिले क्रेडिट : पत

पूर्वी पत मोहल्ल्यात ठरत असे. अमक्याचा मुलगा आहे, देणे बुडवणार नाही, एवढे पुरत असे. आज कर्जाच्या बाबतीत ती संगणकावर ठरते. भारतात २००० साली सिबिल ही कंपनी स्थापन झाली आणि २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा स्वतंत्र कायदा झाला. आज सिबिलसह चार कंपन्या हे काम करतात. तुम्ही घेतलेले कर्ज, भरलेले व थकवलेले हप्ते, क्रेडिट कार्डाची बाकी हे सर्व त्यांच्याकडे नोंदले जाते आणि सिबिल त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान गुण देते. बँकेचा अधिकारी ‘तुमचे क्रेडिट खराब आहे’ म्हणतो तेव्हा तो तुमच्या खात्यातील शिलकेबद्दल बोलत नसतो, या नोंदीबद्दल बोलत असतो.

इथे आपल्या बिरादरीतील एका सवयीविषयी बोलले पाहिजे. ‘फक्त सही कर, बाकी मी पाहतो’ असे म्हणत मेहुणा किंवा मित्र जामीनकीचा कागद पुढे करतो आणि आपण मुरवतीपोटी सही करतो. जामीन राहिलेले कर्ज जामीनदाराच्या अहवालातही येते. कर्जदाराने हप्ते थकवले की जामीनदाराची पतही खाली येते, मग त्याने एक पैसाही घेतलेला नसो. जामीन राहू नका असे आमचे म्हणणे नाही. पण आपण कोणती वस्तू गहाण टाकत आहोत हे जाणून राहा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. तो मागवून पाहा. फेडलेले कर्ज चालू दाखवले असेल तर लेखी तक्रार करून दुरुस्त करून घ्या.

दुसरे क्रेडिट : उधारी

‘साठ दिवसांचे क्रेडिट’ म्हणजे सरळ मराठीत साठ दिवसांची उधारी. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही उगाच केलेली नाही. तरीही उधारीशिवाय बाजार चालत नाही हेही खरे. प्रश्न आहे तो मुदतीचा आणि लिखापढीचा.

मुदतीविषयी कायदा काय म्हणतो ते कारागीर बांधवांनी जरूर समजून घ्यावे. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी २००६ साली जो कायदा झाला, त्याच्या कलम १५ प्रमाणे अशा उत्पादकाचा किंवा सेवा देणाऱ्याचा पैसा खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत दिला पाहिजे, आणि ती मुदत, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. करारच नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. म्हणजे ‘आमच्याकडे नव्वद दिवसांचे क्रेडिट चालते’ असे एखादी मोठी पेढी लघुउद्योजकाला सांगते, तेव्हा ती कायद्यात न बसणारी गोष्ट सांगत असते. थकलेल्या रकमेसाठी प्रत्येक राज्यात सुलभीकरण परिषद आहे, तिथे दाद मागता येते. त्या कायद्यात थकबाकीवर चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. ज्यांना व्याज नको त्यांनी मूळ रकमेपुरता आग्रह धरावा, पण हक्काची मजुरी सोडू नये. २०२३ साली प्राप्तिकर कायद्यातही भर घालण्यात आली. मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळणार नाही, असे ठरून ती तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. त्यामुळे मोठ्या पेढ्यांनाही आता मुदतीचे भान ठेवावे लागते.

यात दोन खबरदाऱ्या आहेत. एक, उद्यम नोंदणी आधी करून ठेवावी, भांडण झाल्यावर नव्हे. आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. दोन, हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसत्या घाऊक वा किरकोळ व्यापाऱ्याला २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, पण तिचा लाभ बँक कर्जातील प्राधान्यापुरताच आहे. ४५ दिवसांचा नियम त्याच्या मदतीला येत नाही.

आता लिखापढी. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत. तिचा विषय नमाज नाही, रोजा नाही. तिचा विषय आहे मुदतीच्या देण्याची लिखापढी. मुदत ठरवून लिहा, मजकूर देणेकऱ्याने सांगावा, साक्षीदार ठेवा, आणि रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. आणि आपण काय करतो? ‘अरे, आपलाच माणूस आहे, लिहायचे काय’ असे म्हणून चिठ्ठीच्या मागे आकडा टिपतो. लिहिणे हा अविश्वास नव्हे. भरवसा टिकावा म्हणूनच लिहायचे असते.

देशाचा कायदाही तेच बजावतो. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा तीन वर्षांत करावा लागतो. उधारीची मुदत ठरली नसेल तर माल दिल्याच्या दिवसापासून आणि ठरली असेल तर ती मुदत संपल्यापासून ही तीन वर्षे मोजतात. त्याच्या आत देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले तर तिथून पुन्हा तीन वर्षे मिळतात. म्हणून दरवर्षी हिशेब मिळवून ‘बाकी कबूल’ अशी सही घेणे, हे शंभर तगाद्यांपेक्षा मोलाचे काम आहे.

रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळा ठेवणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. दोनपैकी कोणता भाव लागू हे सौद्याच्या वेळीच पक्के झाले पाहिजे. ‘लवकर दिलेत तर हा, उशीर झाला तर तो’ असे मोघम ठेवणे व्यवहाराच्या दृष्टीनेही वाईट आणि शरियतच्या दृष्टीनेही शंकास्पद. तपशील आपल्या आलिमांना विचारावा.

तिसरे क्रेडिट : जमा

चाचांचा घोटाळा इथे झाला. पासबुकात ‘क्रेडिट’ म्हणजे आपले पैसे, हे आपल्याला पाठ झालेले असते. पण तसे का? कारण पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. तुम्ही ठेवलेली रक्कम हे बँकेचे तुम्हाला देणे, म्हणून बँक ती तुमच्या खाती जमा लिहिते. हीच रक्कम तुमच्या स्वतःच्या खतावणीत बँकेच्या खाती नावे पडते. वही कोणाची, यावर जमा-नावे ठरते.

एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सोपे आहे. दुसऱ्याच्या वहीत तुमचे क्रेडिट झाले याचा अर्थ एवढाच, की तितक्या रकमेपुरते तुमचे येणे त्याने मान्य केले. ते पैसे हातात आले असा त्याचा अर्थ नाही. ते उचलीपोटी वळते होऊ शकतात, पुढच्या महिन्यावर जाऊ शकतात. म्हणून ‘क्रेडिट केले’ असे कोणी म्हणाले की लगेच विचारावे, “माझ्या बँकेत की तुमच्या वहीत? बँकेत, तर किती आणि कोणत्या तारखेला?” हे विचारण्यात लाज कसली?

याच जातीची आणखी एक गफलत ‘कॅश क्रेडिट’ खात्याची. नावात कॅशही आहे आणि क्रेडिटही आहे, म्हणून नवख्याला वाटते की ही रोख जमा असावी. प्रत्यक्षात ते निव्वळ कर्ज आहे. १७२८ साली एडिनबरो येथे रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने एका व्यापाऱ्याला खात्यात शिल्लक नसताना ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे उचलण्याची मुभा दिली, तिथून ही पद्धत रुजली आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. दुकानातील माल आणि येणे तारण धरून बँक मर्यादा ठरवते. तुम्ही जितके उचलाल तितक्यावर व्याज चढते. पाच लाखांची मर्यादा मंजूर झाली म्हणजे पाच लाख मिळाले असे समजून पेढे वाटणारे आम्ही पाहिले आहेत. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी तर हे नाव वाचूनच सावध व्हावे. क्रेडिट कार्डाचेही तेच : ते उधारीचे कार्ड आहे, जमेचे नव्हे.

आणि आता मोबाईलवरचे ‘क्रेडिट’. गिऱ्हाईक माल घेते, आपल्या फोनमधील पैसे पाठवल्याचे चित्र दाखवते, आपल्या फोनवरही ‘रक्कम क्रेडिट झाली’ असा संदेश येतो, आणि गर्दीच्या वेळी आपण मान डोलावतो. हा संदेश कोणालाही बनवून पाठवता येतो. कित्येक दुकानदार असे नाडले गेले आहेत. संदेशावर विसंबू नका. बँकेच्या ॲपमध्ये किंवा आपल्या खात्याच्या नोंदीत रक्कम पाहा आणि मगच माल सोडा. तसेच, पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. ‘क्रेडिट घेण्यासाठी पिन टाका’ असे कोणी सांगितले तर समजा, तो तुमच्या खात्यातून पैसे काढतो आहे.

चौथे क्रेडिट : कराची वजावट

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ हा शब्द प्रत्येक गल्लीत पोहोचला. तसा तो नवा नव्हता. १९८६ साली उत्पादन शुल्कात मोडव्हॅट आला तेव्हापासून कारखानदार तो ओळखत होते. याचा अर्थ आहे वजावट. खरेदीवर भरलेला कर आपल्या विक्रीवरील करातून वजा करण्याचा हक्क. हे पैसे बँकेत येत नाहीत, सरकारच्या संगणकावरील तुमच्या खात्यात नोंदले जातात आणि मुख्यतः कर भरण्यासाठीच उपयोगी पडतात.

लहान कारागिराच्या फायद्याची एक बाब यात दडलेली आहे. खरेदीदाराने तुमच्या बिलावरून ही वजावट घेतली आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत तुमचे पैसे दिले नाहीत, तर घेतलेली वजावट त्याला व्याजासह परत करावी लागते. म्हणजे तो तुमच्या बिलावर सरकारकडून लाभ घेतो आणि तुम्हाला मात्र लटकवतो, हे कायद्याला मान्य नाही. तगादा करताना हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगता येते. दुसरीकडे, तुम्ही स्वतः कंपोझिशन योजनेत असाल तर तुम्हाला ही वजावट मिळत नाही आणि तुमच्या गिऱ्हाईकालाही देता येत नाही. तेव्हा कोणी ‘जीएसटीचे क्रेडिट मिळेल’ म्हणून भाव वाढवून माल गळ्यात मारत असेल तर आधी आपली योजना पाहा.

‘क्रेडिट नोट’ हा याच्याच शेजारचा कागद. माल परत गेला, कमी भरला किंवा भाव जास्त लागला, तर विकणारा तेवढ्या रकमेची जमा-चिठ्ठी देतो. नावात नोट असली तरी ती चलनी नोट नव्हे. बहुधा ती पुढच्या खरेदीतच वळती होते. रोख परतावा हवा असेल तर माल परत करण्यापूर्वीच तसे बोलून, लिहून घ्यावे. सदोष सूत परत करून क्रेडिट नोट घेतली, आणि पुढे त्या दुकानाशी व्यवहारच उरला नाही, तर तो कागद कपाटात पडून राहतो.

पाचवे क्रेडिट : बँकेची हमी

परदेशी माल पाठवणाऱ्यांसाठी ‘लेटर ऑफ क्रेडिट’, म्हणजे पतपत्र, हा जिव्हाळ्याचा विषय. इथे पत खरेदीदाराची नसते, त्याच्या बँकेची असते. ठरलेले कागद ठरलेल्या मुदतीत दाखवा, मी पैसे देते, असे बँक लिहून देते. जगभर यासाठी आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे नियम पाळतात. त्यांची सध्याची आवृत्ती यूसीपी ६०० ही १ जुलै २००७ पासून लागू आहे. या नियमांचे सार एका वाक्यात असे : बँक माल पाहत नाही, कागद पाहते. माल उत्तम असून बिलातील वर्णन पतपत्राशी जुळले नाही, जहाजाची तारीख उलटली, नावात फरक पडला, तर बँक पैसे नाकारू शकते. कागद तपासायला तिला पाच कामकाजाचे दिवस मिळतात.

समजा, दुबईच्या खरेदीदाराने मुंबईतील चामड्याच्या कारागिराला कळवले, ‘साठ दिवसांच्या क्रेडिटवर माल पाठवा.’ कारागिराला वाटले, पतपत्र येणार. खरेदीदाराच्या मनात होती सरळ उधारी, म्हणजे माल आधी आणि पैसे साठ दिवसांनी, मध्ये कोणतीही बँक नाही. माल जहाजावर चढल्यावर हा फरक कळून काय उपयोग? म्हणून विचारायचे, ‘लेटर ऑफ क्रेडिट देणार की नुसते क्रेडिट?’ दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उधारीवरच पाठवायचा असेल तर १९५७ साली स्थापन झालेली निर्यात पत हमी महामंडळ ही सरकारी संस्था, आजची ईसीजीसी, असे पैसे बुडण्याच्या धोक्यासाठी विमा देते. त्याची चौकशी करावी.

सहावे क्रेडिट : सोसायटी

गल्लोगल्ली ‘क्रेडिट सोसायटी’चे फलक दिसतात. मराठीत पतपेढी वा पतसंस्था. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तेव्हापासून या संस्थांनी सावकारी पाशातून अनेकांना सोडवले, हे कबूल केले पाहिजे. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतील ठेवीला, सहकारी बँकेतीलही, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. रोज संध्याकाळी दुकानावर येणाऱ्या पिग्मी एजंटाच्या हाती पन्नास-शंभर रुपये देणाऱ्याने एवढे तरी ठाऊक करून घ्यावे, आणि संस्थेचा ताळेबंद मागून पाहावा.

सातवे क्रेडिट : श्रेय

शेवटचा अर्थ सर्वांत जुन्या अर्थाच्या जवळचा. केलेल्या कामाचा मान, म्हणजे श्रेय. सिनेमाच्या शेवटी नावे झळकतात तीही क्रेडिट्स, आणि कॉलेजातील मुलगा ‘मला वीस क्रेडिट मिळाले’ म्हणतो ते श्रेयांक. कारागिराचे श्रेय मात्र बहुतेक वेळा व्यापाऱ्याच्या लेबलाखाली झाकले जाते. मिरजेचे उदाहरण पाहा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी तिथे सतार-तानपुऱ्याची कारागिरी वाढवली आणि देशभरच्या गवयांनी ती वाखाणली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे कायद्याने दिलेले श्रेय आहे. पण मानांकन मिळून भागत नाही; प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवले तरच त्याला ते आपल्या वाद्यावर हक्काने लावता येते. जे श्रेय कागदावर नाही, त्याचे बाजारात पैसे होत नाहीत.

मग करावे काय?

काही बांधव म्हणतील, इंग्रजी ही व्यापाराची भाषा झाली आहे, तिच्याशी भांडून काय मिळणार? आमचे भांडण इंग्रजीशी नाही. जमा, बाकी, रक्कम, हिशेब, वसूल हे मराठी वहीतले शब्दही अरबीतून आलेले आहेत आणि मराठीने ते आपले करून टाकले. पण आले तेव्हा प्रत्येक शब्द एक नेमके काम घेऊन आला. जमा म्हणजे जमा, बाकी म्हणजे बाकी. ‘क्रेडिट’ मात्र सगळी कामे एकटाच करू पाहतो, आणि ज्याच्या हाती वही आहे तो त्याला हवा तो अर्थ काढतो. वही बहुधा मोठ्याच्या हाती असते. म्हणून शब्दाचा गोंधळ हा नेहमी लहान माणसालाच महाग पडतो.

दुसरे कोणी म्हणतील, आमचा धंदा जबानीवर चालतो, एवढे विचारले तर गिऱ्हाईक दुखावेल. आमचा अनुभव उलटा आहे. ज्याचा इरादा साफ आहे तो विचारल्याने दुखावत नाही; आणि जो दुखावतो त्याच्याशी उधारीचा व्यवहार न केलेलाच बरा.

आमची सूचना साधी आहे. बिलावर, चलनावर, चिठ्ठीवर ‘क्रेडिट’ हा शब्द एकटा लिहू नका आणि एकटा लिहिलेला स्वीकारू नका. उधारी असेल तर ‘उधार, अमुक तारखेपर्यंत’ असे लिहा. वहीत जमा असेल तर ‘खाती जमा’ लिहा. बँकेत भरले असतील तर ‘बँकेत भरले’ आणि तारीख लिहा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, दोन्हींत लिहा. पण काम सांगणारा शब्द लिहा. आपल्या विणकरांच्या आणि कारागिरांच्या संघटनांनी असे छापील नमुने काढून सभासदांना दिले तर खर्च थोडा आणि उपयोग मोठा आहे.

चाचांनी आता तसेच सुरू केले आहे. मुनीमाचा फोन आला की ते आधी एकच विचारतात, “बेटा, क्रेडिट कुठले? बँकेतले की वहीतले?” मुनीमही आता फोन करण्यापूर्वी वही उघडून बसतो. उचल फिटत आली आहे, व्यवहार टिकून आहे, आणि त्यानंतर त्यांचा एकही चेक परत आलेला नाही.